विझला की धावायचं

हिलालआप्पांवर मी जेवढी चिडले तेवढी मी माझ्या नवऱ्यावरही चिडले नसेन, आणि माझा नवरा म्हणजे काही साधा प्रकार नाही. सात वर्षं आमची आणि आप्पांची एकच भिंत होती. डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीत घरं अशी चिकटून आहेत, की पलीकडे कुकरची शिट्टी झाली की अलीकडची बाई उठून आपला गॅस बारीक करते. अशा ठिकाणी शेजारी निवडून घेता येत नाही. माझ्या वाट्याला आप्पा आले.

आप्पा मूळचे शिंदखेड्याकडचे. ऐन तरुणपणी सुरतला आले आणि लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, लागले. चौतीस वर्षं कापड विणलं. त्यातून त्यांनी दोनच गोष्टी कमावल्या, असं त्यांची बायकोच सांगायची: हे दोन खोल्यांचं घर आणि बहिरेपण. खात्यात लूमचा खडखडाट इतका, की तिथे कोणी बोलत नाही. हातानं खुणा करायच्या, ओठ हलवायचे, भागलं. निवृत्त होईपर्यंत आप्पांच्या कानांत काहीच उरलं नव्हतं. समोरच्याच्या ओठांकडे टक लावून ते बोलणं समजून घ्यायचे आणि स्वतः मात्र असे ओरडून बोलायचे, की गल्लीतून जाणारा रिक्षावाला आपल्यालाच हाक मारली समजून ब्रेक दाबायचा. आपण तोंड फिरवलं की संपलं. त्यांच्या लेखी आपण गप्प झालो.

बायको द्वारकामाय. सगळी गल्ली तिला मायच म्हणायची. तिला लकवा झाला आणि उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बारीकसा आवाज राहिला, डावा हात राहिला आणि डोकं तर माझ्यापेक्षा चांगलं राहिलं. आता कर्म बघा. जिला उठता येत नाही ती हाका मारणार, आणि ज्याला उठता येतं त्याला ऐकू येणार नाही. आप्पा आत भाकरी थापत असायचे आणि बाहेरच्या खोलीत खाटेवरून माय पाण्यासाठी "ओ भूषणना बाप, ओ भूषणना बाप" करत असायची. भूषण हा त्यांचा मुलगा, नाशिकला असतो. ती हाक नाशिकपर्यंत जाणं शक्य नव्हतं आणि स्वयंपाकघरापर्यंतही जात नव्हती. ती भिंतीतून यायची माझ्याकडे.

म्हणजे आप्पांचे कान मी. हातातली कणीक तशीच ठेवून धावायचं. दार वाजवून उपयोग नाही, म्हणून त्यांच्या दाराची एक किल्ली माझ्याकडे. आत जायचं, मायला काय हवं ते बघायचं, मग आत जाऊन आप्पांच्या पाठीवर थाप मारून सांगायचं. ते दचकायचे आणि वर मलाच म्हणायचे, "काय व्हयनं? इतली घाबरी कसाले व्हयनी?"

"आप्पा, एखादी बाई ठेवा हो," मी किती वेळा म्हटलं असेल.

"बाई कसाले? बेन, तू शेस ना!"

सुरतेत बेन म्हणजे बहीण, पण हे ऐकलं की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी परभणीची. आमच्याकडं शेजारधर्म असतो, नाही असं नाही, पण त्यालाही काही वेळ-काळ असतो. आणि मी दिवसभर घरी कुठं? इच्छापोरला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी पहिल्या पाळीला जाते, तीनला परत येते. तोवर माय हाका मारत असेल आणि कोणी येत नसेल, हा किडा डोक्यात घेऊन मी तिकडे नट-बोल्ट मोजत बसायची.

आता त्या वायरींचं सांगते, कारण खरी कटकट तीच.

आमच्या कारखान्यात जुने कॉम्प्युटर भंगारात काढले, तेव्हा त्यांच्या वायरींचा एक खोका स्टोअरच्या दारात पडला होता. भंगारवाला म्हणाला, हे गुंते कोण सोडवत बसणार. मी सहज आप्पांना बोलले आणि तिथेच चुकले. दुसऱ्या दिवशी आप्पा सिटी बस बदलत बदलत इच्छापोरला हजर! गेटवरच्या माणसाला ओरडून सांगताहेत, "बेनकडनं वायर लेवाले उनू!" अख्ख्या गेटला कळलं. साहेबाला विचारून मी तो खोका त्यांच्या डोक्यावर दिला.

तेव्हापासून त्यांची गच्ची म्हणजे वायरींचं दुकान झालं. ब्लेड घेऊन बसायचे आणि एकेक वायर उभी सोलायचे. प्रिंटरच्या जाड वायरीत पंचवीस बारीक तारा निघतात, माऊसच्या वायरीत चार, इंटरनेटच्या वायरीत पिळलेल्या जोड्या, हे मला त्यांच्यामुळे कळलं. नको होतं कळायला. प्रत्येक तार सेल आणि छोटा दिवा लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासायची, मग तिला साडीवरचं जुनं लेबल बांधून त्यावर रंग आणि लांबी लिहायची, आणि खिळ्याला टांगायची. मॉनिटरच्या वायरीवरची तांब्याची जाळी निघाली ती मला भांडी घासायला दिली. मोठ्या कौतुकानं दिली. माझ्या कढईवर अजून तिचे ओरखडे आहेत.

"फेका की आता हे," मी म्हणायची. "तुटक्या वायरी त्या. मेल्यात म्हणून तर फेकल्या लोकांनी."

"वायर मरस नही, बेन. तिनं तोंड मरस." म्हणजे टोकाचं जोडणीचं बोंडूक खराब होतं, आतली तार चांगलीच असते. हे वाक्य मी हजार वेळा ऐकलं असेल.

त्या तारांतून त्यांनी काय काय केलं म्हणता? देव्हाऱ्यातल्या गणपतीमागे दिवे लावले, ते दोनच दिवस चालले. टाकी भरली की शिट्टी वाजेल असं एक यंत्र केलं. टाकी भरली, शिट्टी वाजायला लागली आणि हे शिट्टीखालीच वायर सोलत बसलेले! पाणी जिन्यावरून माझ्या दारात आलं तेव्हा मी वर गेले. मला बघून खूश होऊन म्हणतात, "वाजनी का?" सांगा आता, हसावं की डोकं आपटून घ्यावं?

मी नाशिकला फोन लावला. भूषणला म्हटलं, तुझ्या आईच्या हाताशी बेल पाहिजे, हे काही जमायचं नाही. पोरगं चांगलं आहे, चार दिवसांत बिनवायरची बेल पाठवली. उत्तम बेल. मायनं बटण दाबलं की कोपऱ्यावरच्या पानवाल्यापर्यंत कोकिळा ओरडायची. समोरच्या घरातली माणसं दार उघडून बघायची. गल्लीतलं कुत्रं भुंकायचं. सगळ्या डिंडोलीत एका माणसाला ती ऐकू यायची नाही, आणि ती त्या एकट्यासाठीच आणलेली होती. मायला एवढं हसू आलं की तिला ठसका लागला. मी मात्र रडायच्या बेतात होते, कारण आता हाकही मला आणि कोकिळाही मलाच.

तेव्हा आप्पांना सुचलं की आवाज नको, दिवा पाहिजे. मी बेलवर चिडून बोलत होते ते त्यांनी माझ्या ओठांवरून वाचलं असणार. माझ्याच खोक्यातला एक जुना माऊस काढला, त्याची वायर लांबवली आणि तो मायच्या डाव्या हाताखाली ठेवला. टक केलं की लाल दिवा लागायचा. एक दिवा स्वयंपाकघरात, एक मोरीत, एक गच्चीवर त्यांच्या वायरींजवळ आणि भिंतीला भोक पाडून एक माझ्या ओट्यावर. मला न विचारता पाडलं भोक. मी भांडले, पण मनातून सुटल्यासारखं झालं ते खरं. पहिल्या दिवशी मायनं तीसेक वेळा टकटक केलं असेल. प्रत्येक वेळी आप्पा समोर येऊन उभे. ती हसायची, ते हसायचे. इतक्या वर्षांनी तिच्या हाकेला नवरा यायला लागला होता.

पण जोड कसे होते? वायरीला वायर जोडताना सोल्डर करायचं असतं, शिसं वितळवून पक्कं करायचं असतं, एवढं आमच्या कारखान्यातल्या वायरमनकडून मला माहीत होतं. आप्पांनी गाठी मारल्या होत्या. लूमवर धागा तुटला की मारतात ती विणकराची गाठ, बोटाच्या एका झटक्यात बसणारी. टोकं सोलून त्यांनी सगळीकडे तीच मारली.

"आप्पा, हा धागा नव्हे. तांबं आहे."

"चौतीस वरीस गाठ मारी मी. एक सुटनी नही."

खरं होतं ते. एकही गाठ सुटली नाही. पावसाळ्यात सुरतची दमट हवा लागून गाठीच्या आतलं तांबं काळं पडलं. बाहेरून गाठ घट्ट, आतून वीज बंद.

त्या दिवशी दुपारी मी घरी होते. मेथी निवडत टीव्हीपुढे बसले होते. भिंतीवर काहीतरी धप्प झालं. बारीक हाकेसारखंही काही आलं. आधीची मी असते तर मेथी उधळून धावले असते. पण मी ओट्याकडे बघितलं, दिवा लागलेला नव्हता. म्हटलं, काही हवं असतं तर दिवा लागला असता. आणि बसून राहिले. अख्खी जुडी निवडून झाली माझी.

आप्पा गच्चीवरून चहाला खाली आले तेव्हा माय खाटेखाली पडलेली होती. माऊस हातात होता. दाबून दाबून दिवा लागत नाही म्हणून ती स्वतःच सरकत सरकत उठायला गेली होती. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात आप्पा तिच्या ओठांजवळ डोळे नेऊन एकच विचारत होते, "किती येळ? किती येळ दाबत व्हती तू?" तिनं डावा हात नुसता हलवला. त्याचा अर्थ थोडाच असाही होतो आणि खूप असाही. ते घरी आल्यावरही तिला विचारत राहिले. तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मीही सांगितलं नाही. मला ऐकू आलं होतं, हे मी आप्पांना सांगू शकले नाही. त्याऐवजी मी त्यांच्यावर तुटून पडले. कामावरून येताना नव्या कोऱ्या वायरचं बंडल विकत आणलं आणि त्यांच्यापुढे आदळलं. म्हटलं, "बस झाले तुमचे भंगाराचे खेळ. माणूस मेलं असतं. हे घ्या आणि नीट करा, नाहीतर मी वायरमन आणते."

त्यांनी बंडल हातात घेऊन बघितलं, पुन्हा माझ्या हातात दिलं. "हाई कसाले आणी? नवी वायर तुटस नही का?"

मला इतका संताप आला की मी बंडल तिथेच टाकून निघाले. त्यांनी मला दंडाला धरून थांबवलं. कधी हात न लावणारा माणूस. मग मला खाली बसवून लूमचं सांगायला लागले, ओरडून, हातवारे करून. लूमवर हजारो धागे असतात. प्रत्येक धाग्यावर पत्र्याची एक पातळ पिन लोंबत असते. धागा आहे तोवर पिन वर. धागा तुटला की पिन पडते आणि लूम आपोआप थांबतो. धागा तुटणारच. कोणी कितीही चांगला आणला तरी तुटणार. "पण तुटनं ते लगेच समजाले पाहिजे, बेन. मी उलटं करी बठनू."

मला आधी कळेना. मग कळलं. त्यांचा दिवा दाबल्यावर लागायचा, म्हणजे वायर तुटली तर तो गप्प, आणि गप्प म्हणजे सगळं ठीक असं आम्ही दोघंही समजलो. आता त्यांनी दिवा कायम चालू ठेवायचं ठरवलं. सगळे दिवे एकाच माळेत. मायनं दाबलं तर विझणार. वायर तुटली, गाठ खराब झाली, मांजरीनं ओढली, तरी विझणार. "दिवा चालू म्हणजे समदं ठीक. दिवा गया म्हणजे पळ."

माऊसच्या बटणाला आत तीन पाय असतात. कॉम्प्युटरला दोन लागतात. तिसरा पाय उगाच असतो, बटण दाबलं की त्याची वीज तुटते. आप्पांनी त्या बिनकामाच्या पायाला वायर जोडली. आणि या वेळी सोल्डर केलं. आमच्या वायरमनकडून मी गन मागून आणली होती. बोटं भाजून घेतली, खुर्चीला डाग पाडला, धुरानं घर भरलं, पण एकेक गाठ कापून प्रत्येक जोड पक्का केला. वायरी मात्र त्याच, जुन्याच. लाल, निळ्या, पट्ट्यापट्ट्यांच्या. माझं बंडल अजून माझ्या माळ्यावर पडलंय.

त्यानंतर सुख झालं असं समजू नका. वीज गेली की दिवा जायचा आणि मी धावायची. "पंखा बी बंद शे ते देखाले नको का?" वर आप्पा मलाच ऐकवायचे. मांजर तर रोज ओढायची. आणि माय! तिला कळलं की दिवा घालवला की मी येते. मालिकेत काही घडलं की टक. भाजीवाल्यानं काय आणलंय ते विचारायला टक. धापा टाकत जावं तर म्हणायची, "पोरी, बस ना जरा." मी बडबडायची आणि बसायची. आप्पा कुठेही असोत, काही करोत, एक डोळा दिव्यावर. आठ-आठ लूमवर नजर ठेवलेला माणूस तो. कान गेले तरी डोळे शाबूत होते. तोंडात घास असताना उठलेलं मी त्यांना पाहिलंय. गुडघे दुखायचे, जिना कण्हत उतरायचे, पण उतरायचे.

दीड वर्ष हे असं चाललं. मग माय गेली. दिवा चालू असताना, शांतपणे, आप्पा शेजारी बसलेले असताना गेली.

भूषण त्यांना नाशिकला न्यायला आला. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. म्हटलं, सुटले एकदाची. निघायच्या दिवशी दारात रिक्षा उभी, सामान चढवणं चाललेलं, आणि मी ओट्यापाशी वाटेत खायला त्यांच्यासाठी दशम्या बांधत होते. समोरचा लाल दिवा विझला.

सवयीनं गॅस बंद केला आणि धावले. किल्ली नको होती, दार उघडंच होतं. आप्पा मायच्या खाटेवर पाय वर घेऊन बसले होते, डाव्या हाताखाली माऊस.

"काय झालं? काय हवंय?" मी ओरडलेच. "रिक्षा उभीय बाहेर!"

त्यांनी माझे ओठ वाचले. "बावीस," ते म्हणाले. "तू पळत उनी तरी बावीस लागनं." ते मोजत होते. माय जिथून दाबायची तिथे बसून, कोणी येईपर्यंत किती वेळ जातो ते मोजत होते. "आते गच्चीवर जाय. तठला दिवा गया की खाले ये. मन्हासारखी हळू."

"आप्पा, आता कशाला हे?"

"जाय, बेन."

गेले मी. दुसरं काय करणार? गच्चीवर खिळ्यांना लेबल लावलेल्या वायरी तशाच टांगलेल्या. त्यांच्या बसायच्या जागी उभी राहिले. दिवा विझला. मग त्यांच्यासारखी, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, कठडा धरून उतरले. बाहेर भूषण कोणाला तरी हाक मारत होता. मी घाई केली नाही.

खोलीत आले तर आप्पांनी डोळे मिटून घेतले होते. ओठ हलत होते. मी अगदी समोर जाऊन उभी राहिले तरी मोजणं चालूच. डोळे मिटलेले आणि कान तर नाहीतच, मी आलेय हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता.

मी म्हटलं, "आप्पा, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं हो. मी उठले नाही."

ते मोजत राहिले. मग मी त्यांच्या हाताला हात लावला. ते ब्याऐंशीवर होते.